साडूभाऊंच्या देवघरातला चाप

कायद्याला भिणारी माणसं मुंबईत ढिगाने सापडतील, कायदा मोडणारी तर प्रत्येक बिल्डिंगच्या जिन्यात भेटतील, पण कायद्यावर जिवापाड, लग्नाच्या बायकोला हेवा वाटावा इतकं प्रेम करणारा माणूस या सबंध शहरात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, हिचे हे यजमान. राहायचे मुलुंडला, नोकरी जकात नाक्यावर कारकुनाची, मूळ गाव कुडाळच्या बाजूला. मी बोरिवलीला राहायचो आणि अंधेरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो आणि ते मला 'धाकटे साडू' म्हणायचे, अगदी चारचौघांत, मोठ्याने, हजेरी घेतल्यासारखं. बुटका बांधा, बुशशर्टच्या खिशात एक निळं आणि एक लाल पेन, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरच्या माणसाकडे काहीतरी दडवलेलं आहे आणि ते आता निघणार आहे. नाक्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचा चेहरा असाच होत असावा.

त्यांच्या कायदाप्रेमाचे किस्से सांगायला बसलो तर माझा चहा थंड होईल, तरी एक-दोन सांगतोच. त्या काळी घरात रेडिओ ठेवायलाही लायसन लागायचं आणि दर वर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे. ऐंशीच्या दशकात मधेच कधीतरी सरकारने ती भानगड बंद केली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. साडूभाऊ मात्र नेहमीप्रमाणे पोस्टात गेले आणि खिडकीवरच्या माणसाशी भांडायला लागले की पैसे घ्या. तो म्हणाला, "अहो काका, बंद झालं ते." हे म्हणाले, "तसं लेखी द्या. उद्या कोणी आलं आणि विचारलं, की हा रेडिओ कोणाच्या परवानगीने वाजतोय, तर मी काय दाखवू?" पुढे कितीतरी दिवस त्यांनी रेडिओचा आवाज अगदी बारीक ठेवला होता. तसंच रस्त्याचं. मुलुंडच्या त्यांच्या घरासमोरच्या हमरस्त्यावरचे पांढरे पट्टे केव्हाच पुसून गेले होते, पण साडूभाऊ पूर्वी जिथे पट्टे होते तिथपर्यंत चालत जायचे आणि तिथूनच रस्ता ओलांडायचे. समोर भाजीवाला दिसतोय, त्याच्याकडची शेवटची जुडी दुसरं कोणीतरी उचलतंय, अक्का गॅलरीतून ओरडतेय, "अहो, जा ना सरळ!" आणि हे आपले शांतपणे, नसलेल्या पट्ट्यांकडे निघालेले.

आमच्या सासऱ्यांचा आंबा तर आमच्या सासरी अजून विसरलेले नाहीत. एका वर्षी सासरे गावाहून दोन्ही जावयांसाठी आंब्याच्या पेट्या घेऊन एसटीने आले. गाडी नाक्यावर थांबली, आणि गाडीत चढला कोण, तर थोरला जावई! सासरे खुशीत. साडूभाऊंनी आधी वाकून नमस्कार केला, मग सरळ होऊन विचारलं, "पेट्यांत काय आहे?" सासरे म्हणाले, "अहो, तुमचेच आंबे. घरी खायला." तर म्हणे, "तुमच्या घरी खायचे असते तर सोडले असते. जावयाला द्यायचे म्हणजे ते तुमच्या घरचे राहिले नाहीत." आणि फाडली पावती! सासऱ्यांनी सबंध गाडीदेखत पैसे मोजले. घरी आल्यावर साडूभाऊंनी ते पैसे आपल्या खिशातून त्यांना परत दिले, ही गोष्ट मात्र सासरे कोणाला सांगत नसत. रागाने की लाजेने, ते मला कधी कळलं नाही.

आता अशा या माणसाच्या घरात, देवघरात, टाकांच्या आणि शंखाच्या शेजारी, कित्येक वर्षं बंदुकीचा चाप होता, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल काहीतरीच काय. पण होता. चाप म्हणजे बोटाने ओढायची ती पट्टी, वरचं ते आपटणारं लोखंड, आतली कमान, असा सगळा जोड. दर दसऱ्याला त्याला तेल, हळद, कुंकू, फूल. त्याचं असं झालं होतं की साडूभाऊंच्या वडिलांकडे गावी ठासणीची बंदूक होती. शेताची राखण करायला रीतसर लायसन काढून घेतलेली. शिवाय शिमग्याला गावची पालखी देवळाबाहेर पडायची तेव्हा त्या बंदुकीचा एक बार काढायचा, हा त्यांच्या घराण्याचा मान. वडील गेले, तिघे भाऊ वाटणीला बसले. हंडे वाटले, फणस वाटले, विहिरीवरचे दिवस वाटले, आणि गाडी बंदुकीवर अडली. मान ज्याच्या हाती बंदूक त्याचा, त्यामुळे एकही भाऊ हटेना. शेवटी पंचांतला एक म्हातारा वैतागून म्हणाला, "मेल्यानू, खिळे काढा आणि तिचे पण तीन वाटे करा." आणि या तिघा शहाण्यांनी खरंच केले! नळी थोरल्याला, चाप मधल्याला म्हणजे आमच्या साडूभाऊंना, आणि लाकडी दस्ता धाकट्याला.

त्या दिवसापासून साडूभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचा अबोला. धाकटा वाटणीच्या बैठकीत म्हणाला होता, "दादा जकातवालो, तो आवशीच्या हातच्या भाकरीवर पण जकात घेतलो." ते साडूभाऊंच्या वर्मी लागलं. धाकटा राहायचा दहिसरला, एका कंपनीत फिटर. दोन भावांच्या मध्ये सबंध उपनगर पसरलेलं, त्यात भर म्हणून हा अबोला. त्यातून अक्काला कुठूनतरी कळलं की धाकट्याची बायको तो दस्ता धोपटणं म्हणून वापरते. होय, मोरीत बसून बंदुकीच्या दस्त्याने चादरी बडवते. साडूभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. "घराण्याचा मान मोरीत!" असं म्हणत येरझाऱ्या घालत होते. गावी थोरल्यांची बायको नळीने चूल फुंकते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, ते बरं.

मी एकदा चेष्टेने म्हटलं होतं, "साडूभाऊ, तुम्ही एवढे कायद्याचे, आणि बंदुकीला लायसन नाही होय?" तर माझ्याकडे दयेने पाहून म्हणाले, "धाकटे साडू, तुम्ही कधी नाक्यावर काम केलं नाहीत. सायकल आणली तर सायकलचा दर. नुसती चाकं आणली तर सुट्या भागांचा दर. चाक म्हणजे सायकल नव्हे. तसा चाप म्हणजे बंदूक नव्हे." मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. इतक्या खात्रीने बोलणाऱ्या माणसाला खोटं कोण ठरवणार?

आणि मग एका माघात थोरले भाऊ मुंबईला आले. एसटीतून, चटईत गुंडाळलेली नळी काखेत धरून. गाडी साडूभाऊंच्याच नाक्यावर थांबली, साडूभाऊंच्याच जोडीदाराने आत डोकावून विचारलं, "चटईत काय?" थोरले म्हणाले, "फुंकणी." त्याने सोडून दिलं. घरी आल्यावर थोरल्यांनी नळी कोपऱ्यात उभी केली, पाणी प्यायले आणि विषय काढला. गावात ठरलं होतं की या शिमग्याला आपल्या घराण्याचा बार निघाला नाही, तर मान कायमचा दुसऱ्या घराकडे. वाटणीपासून एकही बार निघालेला नव्हता. तेव्हा बंदूक जोडायलाच हवी. "तुमका एकमेकांशी बोलूचा नसात, तर बोलू नकात," थोरले म्हणाले. "फुकट नको. तुझो चाप माका इकत दी. धाकट्याचो दस्तो पण इकत घेतंय. म्हणजे कोणाचो कोणावर उपकार नाय." साडूभाऊ विचारात पडले. भावाला चाप द्यायला त्यांची ना नव्हती, पण विकत म्हटल्यावर त्यांच्यातला कारकून जागा झाला. विकायचं म्हणजे पावती हवी, कर कुठला लागतो ते बघायला हवं. म्हणून ते थोरल्यांना फक्त एवढंच म्हणाले, "बघू." हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे त्याने फार छळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडूभाऊ सकाळीच बोरिवलीला माझ्याकडे हजर. आमच्याच मजल्यावर एक वकील राहायचे, अंधेरीच्या कोर्टात जाणारे, सुपारी कातरत बोलणारे. साडूभाऊंनी त्यांना विचारलं, "भावाने भावाला बंदुकीचा सुटा भाग विकला, तर त्यावर कोणता कर बसतो?" वकिलांचा अडकित्ता हवेतच थांबला. म्हणाले, "कर? अहो, बेड्या बसतात!" आणि मग साडूभाऊंकडून सगळी हकीकत काढून घेऊन त्यांनी समजावून सांगितलं. कायद्याच्या लेखी बंदुकीचा भाग म्हणजे शस्त्रच. विकायला लायसन, विकत घ्यायला लायसन, दुरुस्त करायलाही लायसन, आणि भावाने भावाला विकलं म्हणून काही सूट नाही. वडील गेले तेव्हाच बंदूक पोलिसांत जमा करायची किंवा कोणा एकाच्या नावावर लायसन करून घ्यायचं, हा रस्ता होता. साडूभाऊ पांढरेफटक. "पण सायकलचं चाक..." असं काहीतरी पुटपुटले.

वकिलांना दया आली असावी. म्हणाले, "घाबरू नका, एक वाट आहे. भाग किरकोळ असेल, आणि दुसऱ्याकडच्या भागांशी तो जोडायचा तुमचा इरादा नसेल, तर कायदा तिकडे काणाडोळा करतो. नळी किरकोळ नव्हे, पण तुमचा चाप किरकोळ भागांत बसवता येईल. आता मला सांगा, ज्याच्याकडे दस्ता आहे त्या भावाशी तुमचे संबंध कसे?"

"बोलणं नाही," साडूभाऊ मान खाली घालून म्हणाले.

"उत्तम!" वकील खूश झाले. "याहून चांगला पुरावा नाही. अजिबात बोलू नका. आणि थोरले जोडायचं म्हणाले तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत? नाही म्हणालात ना?"

"मी म्हणालो, बघू."

"अरेरे," वकील म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकली.

झालं! वाट लागली! त्या 'अरेरे'ने साडूभाऊंची झोप, भूक, सगळं नेलं. ते त्याच वर्षी निवृत्त होणार होते. सबंध नोकरीत एकही डाग नाही, आणि आता पेन्शनच्या तोंडावर शस्त्राचा गुन्हा! पेन्शन गेली तर अक्काचं कसं व्हायचं, धाकट्या मुलीचं लग्न व्हायचंय, या विचाराने माणूस अर्धा झाला. रस्त्यात पोलीस दिसला की हे नमस्कार करायचे. 'बघू' हा शब्द त्यांनी टाकूनच दिला. अक्काने विचारलं, "आज भेंडी करू की गवार?" तर सवयीने "ब..." म्हणून थांबायचे आणि घाम पुसत म्हणायचे, "गवार. गवारच. माझा स्पष्ट इरादा गवारीचा आहे." मी म्हटलं, "अहो साडूभाऊ, एवढं काय? टाका तो चाप ठाण्याच्या खाडीत आणि मोकळे व्हा." तर ते दचकले. "पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा, धाकटे साडू." अक्का आतून म्हणाली, "आणि देवघरातली वस्तू खाडीत टाकायची म्हणजे काय? इतकी वर्षं हळदकुंकू वाहिलंय मी." मला हसू येत होतं, पण खरं सांगतो, त्यांच्याकडे पाहवतही नव्हतं. ज्या माणसाने कधी कोणाचं काही बुडवलं नाही तो रात्रंदिवस स्वतःला चोर समजत होता.

शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं, पोलिसांत जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. थोरलेही तयार झाले, कारण नळी घेऊन परत जाताना पुन्हा तोच नाका होता आणि आता त्यांनाही भीती वाटायला लागली होती. राहिला धाकटा. तीनही भाग दाखवल्याशिवाय खरं कोण मानणार? पण त्याच्याशी बोलायचं कोणी? साडूभाऊ बोलणार नाहीत. पूर्वी मानासाठी बोलत नव्हते, आता वकिलांच्या सल्ल्याने. तेव्हा दहिसरला गेलो मी. धाकट्याने मला बसवलं, चहा दिला, आणि सगळं ऐकून साफ सांगितलं, "मी येणार नाही. त्याला म्हणावं, तुझा कायदा तुझ्यापाशी." मी उठलो. दारापर्यंत जाता जाता म्हटलं, "बरं. तुमची मर्जी. पेन्शन जाईल बिचाऱ्यांची."

धाकटा एकदम थांबला. "दादाची नोकरी जातली?" आत्तापर्यंत माझ्याशी शुद्ध बोलत होता, आता गावचं बोलायला लागला. मी मान हलवली. तो तसाच वळला. मोरीत गेला. आत धोपटण्याचा धप धप आवाज येत होता, तो मधेच बंद पडला. बायकोचा आवाज आला, "अहो, चादर अर्धी राहिली!" आणि हा बाहेर आला तो हातात ओला दस्ता, त्यावरून साबणाचं पाणी लादीवर गळतंय. म्हणाला, "चला."

मुलुंडला पोचल्यावर नवीन पेच. तीन भाग एका रिक्षात बसले तर ती बंदूक झाली, आणि बंदूक घेऊन रस्त्याने जाणं म्हणजे गुन्हा, असं साडूभाऊंचं म्हणणं. म्हणून तीन रिक्षा केल्या. पुढच्या रिक्षात थोरले आणि चटई. मधल्या रिक्षात साडूभाऊ, मांडीवर सोवळ्याच्या फडक्यात चाप. मागच्या रिक्षात धाकटा, गुडघ्यांत दस्ता धरून. साडूभाऊंनी निघण्यापूर्वी सगळ्यांना बजावलं, म्हणजे मला बजावलं आणि मी धाकट्याला सांगितलं, की वाटेत रिक्षा एकमेकींच्या फार जवळ येऊ द्यायच्या नाहीत. मी साडूभाऊंच्या शेजारी बसलो होतो. ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं स्तोत्र असेल. नीट ऐकलं तर म्हणत होते, "इरादा नव्हता, साहेब, इरादा नव्हता."

पोलीस ठाण्यातला फौजदार तरुण होता आणि वडापाव खात होता. साडूभाऊ समोर उभे राहिले, दोन्ही पेनं खिशातून काढून टेबलावर ठेवली, जणू हत्यारं टाकतायत, आणि म्हणाले, "साहेब, मी महापालिकेचा नोकर आहे आणि मी 'बघू' असं म्हणालो." फौजदाराने वडापाव खाली ठेवला. मग मी पुढे होऊन वाटणीपासून वकिलांपर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खुर्चीत मागे रेलला, त्याचे ओठ थरथरायला लागले, पण वर्दीतला माणूस, हसला नाही. वडील गेले तेव्हाच बंदूक जमा का केली नाही म्हणून तिघांना चांगलं झापलं. तिघे भाऊ वर्गात उभे केल्यासारखे ऐकत होते. मग तो म्हणाला, "ठेवा टेबलावर. आणि जोडून दाखवा."

साडूभाऊ एक पाऊल मागे सरले. "साहेब, जोडण्याचा इरादा माझा नाही. तो तुमचा आहे. याची कृपया नोंद व्हावी."

"काका, जोडा म्हणतो ना!"

मग तिघे वाकले. आणि काय सांगू तुम्हाला, जी बंदूक जोडली जाईल या भीतीने आमचं सबंध घर हादरलं होतं, ती काही केल्या जुळेना! दस्ता इतकी वर्षं मोरीत भिजून फुगला होता, चाप त्याच्या खाचेत जाईना. चापात हळद, कुंकू आणि तेल यांचा असा काही गड्डा बसला होता की खिळ्याची भोकं दिसेनात, आणि पट्टी ओढली तर हलेना. नळीतून आधी मूठभर राख पडली, आणि तिचं तोंड चुलीत लाकडं सारून सारून वाकडं होऊन तडकलेलं. ठाण्यातल्या एका जुन्या हवालदाराला हत्यारांची माहिती होती. त्याने तिन्ही तुकडे उलटसुलट पाहिले, नळीतून उजेडाकडे बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, ही आता कितीही दुरुस्त केली तरी उडायची नाही. बंदूक कसली? भंगार आहे हे."

त्या एका शब्दावर आमची सुटका झाली होती. साडूभाऊंची पेन्शन वाचली होती. मी देवाचे आभार मानतोय, तेवढ्यात तिघे भाऊ एकदम, एका सुरात भडकले. "भंगार?" थोरले ओरडले. "आमच्या बापाशीची बंदूक ती! भंगार कोणाक म्हणतास, सायबानू?" धाकटा म्हणाला, "वाघ पळालेलो हिच्या आवाजान!" आणि आमचे साडूभाऊ, कायद्याचे साडूभाऊ, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या घराण्याचा मान आहे तो, साहेब. नीट बोला!"

फौजदार शांतपणे म्हणाला, "अस्सं? म्हणजे बंदूक आहे? मग लायसन दाखवा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग साडूभाऊ टेबलावरची पेनं सरळ करत म्हणाले, "नाही साहेब. भंगारच आहे." आता मात्र फौजदाराला राहवलं नाही. तो टेबलावर हात आपटून आपटून हसला, हवालदार हसला, आणि तिकडे गजाआड बसलेला कोणीतरी, ज्याला काही कळलं नव्हतं, तोही हसला. नळी ठाण्यात जमा झाली, तिची पावती मिळाली. पुढे वरच्या साहेबांनी पाहून प्रकरण तिथेच मिटवलं. चाप आणि दस्ता दोघांना परत मिळाले, एकत्र आणायचे नाहीत या अटीवर. थोरले काकुळतीने म्हणाले, "पण सायबानू, आमच्या बाराचा काय?" फौजदार वडापाव पुन्हा हातात घेत म्हणाला, "सुतळी बॉम्ब लावा ना! देवाला आवाजाशी मतलब."

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिघे पायरीवर उभे. मी बाजूला झालो. धाकटा इकडे तिकडे बघत म्हणाला, "दादा, भूक लागली रे." इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. साडूभाऊंनी समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे हॉटेल होतं. पट्टे कुठे दूर चौकात असतील नसतील. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाने धाकट्याचा हात धरला आणि भर वाहतुकीतून, मधूनच, सरळ रस्ता ओलांडला! एक ट्रकवाला शिव्या घालून गेला. पलीकडे जाऊन हे आमच्याकडे वळून लहान मुलासारखे हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. थोरले मात्र इकडेच उभे राहून म्हणत होते, "ह्याका काय झाला?"

त्या शिमग्याला तिघे भाऊ एकाच गाडीने गावी गेले. फटाका लावायला लायसन लागत नाही ना, हे साडूभाऊंनी वकिलांकडून पुन्हा पुन्हा पक्कं करून घेतलं होतं. पालखी बाहेर पडली, थोरल्यांनी वात पेटवली, आणि असा काही बार झाला म्हणतात की देवळाच्या पिंपळावरचे सगळे पक्षी उडाले आणि मान घराण्यात राहिला. पुढे साडूभाऊ निवृत्त झाले, पेन्शन वेळेवर सुरू झाली, धाकट्या मुलीचं लग्न झालं. धाकटा आता दर महिन्याला मुलुंडला यायचा. साडूभाऊ दार थोडंसंच उघडायचे आणि विचारायचे, "दस्ता आणला नाहीस ना?" तो दोन्ही हात वर करून दाखवायचा, मग दार पूर्ण उघडायचं. दोघे म्हातारे रोज भेटल्यासारखे भांडायचे आणि अक्का हसत हसत चहा टाकायची.

मग धाकटा गेला. दोघा मोठ्या भावांच्या आधी, अचानक. त्याची बायको मुलीकडे राहायला निघाली तेव्हा तिने दस्ता साडूभाऊंना आणून दिला. त्याच आठवड्यात साडूभाऊ माझ्याकडे आले. हातात सोवळ्याचं फडकं. म्हणाले, "धाकटे साडू, दस्ता आता माझ्याकडे आला. एका घरात दोन्ही नकोत. हा चाप तुम्ही ठेवा."

मी म्हटलं, "अहो साडूभाऊ, आता काय त्याचं? नळी तिकडे गंजून गेली असेल. दोन्ही ठेवा की देवघरात शेजारी शेजारी. कोण बघतंय?"

ते फडक्याची गाठ घट्ट करत राहिले. "कायदा आहे," म्हणाले. मग हळूच म्हणाले, "चाप तुम्ही न्या. दस्ता मात्र मी देणार नाही. त्याला अजून साबणाचा वास येतो."

साडूभाऊही आता नाहीत. चाप माझ्या देवघरात आहे. मी सिग्नल मोडणारा, बिनतिकीट प्लॅटफॉर्मवर शिरणारा माणूस, पण दर दसऱ्याला त्याला तेल लावतो, हळदकुंकू वाहतो, आणि तो कशाला जोडायचा माझा कुठलाही इरादा नाही असं मनातल्या मनात एकदा म्हणून घेतो. आलेगेले विचारतात, हे काय आहे? मी म्हणतो, काही नाही, आमच्या साडूभाऊंचं आहे, त्यांनी ठेवायला दिलंय.